पुढच्या चिमट्यातली हब मोटर: शिरोलीच्या वाटेवरच्या एका सायकलचं प्रकरण

सायकल दुरुस्तीला आणली तेव्हा पुढचं चाक अजून चिमट्यातच, म्हणजे हँडलखालच्या फोर्कमध्येच होतं. चाकाच्या मधोमध बसवलेल्या हब मोटरची वायर मात्र एक्सलच्या टोकाशी दीड वेढा घेऊन तुटली होती आणि आतल्या नऊ तारांपैकी पाच सोलून उघड्या पडल्या होत्या. दोन्ही नट जागेवर होते, पाना लावून पाहिला तर चांगले घट्टही होते. "नट सैल नव्हते, मग एक्सल फिरला कसा?" हा चालवणाऱ्यांचा पहिलाच प्रश्न. प्रकरणाची सगळी गाठ या प्रश्नातच आहे.

सायकल आणि तिचा वापर

२६ इंची एमटीबी, ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे शॉकअपचा चिमटा, दोन्ही चाकांना व्ही-ब्रेक. चार महिन्यांपूर्वी बाजारातलं तयार किट बसवलेलं: पुढच्या चाकात ३६ व्होल्ट, २५० वॅटची गिअरवाली हब मोटर, मोटरला जाणारी वीज सांभाळणारा १५ अँपिअरचा कंट्रोलर, फ्रेमच्या तिरक्या नळीवर १० अँपिअर-तासांची बॅटरी, हँडलवर थ्रॉटल. चालवणाऱ्यांचं वजन ७८ किलो. कोल्हापुरातून शिरोली एमआयडीसीत पाळीला जायचं, जाऊन-येऊन रोज १८ किमी. वाटेत मोठा चढ नाही, पण सिग्नल आणि चौक भरपूर. म्हणजे थांबून पुन्हा निघणं पुष्कळ, आणि तेही बहुतेक वेळा पॅडल न मारता, सरळ थ्रॉटल पिळून.

अशाच एका सिग्नलवर 'टक्' असा आवाज झाला, मोटर क्षणभर किरकिरली आणि बंद पडली. वेग नव्हता म्हणून पडणं टळलं.

त्याआधी दोन खुणा दिसल्या होत्या, पण त्यांचा अर्थ लागला नाही. महिनाभरापूर्वी उजवा नट सैल सापडला होता, तो आवळला. पंधरा दिवसांनी पुन्हा सैल, पुन्हा आवळला. शेवटच्या आठवड्यात निघताना बारीक टकटक यायची आणि रिम एका ब्रेक पॅडला घासायला लागली होती. चाक आउट झालं असेल असं समजून स्पोक आवळले गेले. प्रत्यक्षात रिम सरळ होती, चाकच चिमट्यात तिरकं बसत होतं. हब मोटरचा नट एकदा सैल झाला तर तो आवळण्याचा विषय असतो. दुसऱ्यांदा सैल झाला की चाक काढून खाच, म्हणजे चिमट्याच्या टोकातली एक्सल बसायची फट बघायची, पान्याला हात लावायचा नाही.

चाक काढल्यावर

मोटरचा एक्सल १२ मिमी व्यासाचा, दोन बाजूंनी तासून सपाट केलेला. सपाट अंगांमधलं अंतर १० मिमी. साध्या सायकलच्या पुढच्या चिमट्याची खाच ९ मिमीची असते, म्हणून किट बसवताना कोणीतरी ती कानशीने १० मिमी केली होती. तेवढं करावंच लागतं. आता व्हर्नियर लावला तर चिमट्याच्या उजव्या पायाची खाच वरच्या भागात १२.३ मिमी भरली. डाव्या पायात खाचेच्या मागच्या दातावर (खाचेच्या दोन बाजूंच्या बोटांपैकी मागच्या बोटावर) मुळाशी तडा होता आणि तो दात बाहेर वाकला होता. १० मिमीची खाच १२ मिमीच्या पुढे गेली की सपाट अंगांना धरायला काही उरत नाही, एक्सल गोल दांड्यासारखा मोकळा फिरतो. नट एक्सलवरच आवळलेले असतात, ते एक्सलबरोबरच फिरतात. म्हणून नट घट्टच सापडले.

चिमट्याच्या खालच्या टोकांना लोहचुंबक चिकटला नाही. म्हणजे ओतीव हलका मिश्रधातू, पोलाद नाही. खाचेभोवती काळी भुकटी जमली होती. एक्सल रोज थोडा थोडा हलून धातू झिजत असल्याची ती खूण. टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलला फिरू न देणारी, टोक चिमट्याला बांधलेली पट्टी, कुठेच नव्हता. किटमध्ये आलेले दाताचे वायसर बसवलेले होते, पण एकाचा दात खाचेत न जाता बाहेरच चेपला गेला होता.

खाच का फाकली

मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने एक्सलला उलट पिळते. आत गिअर आहेत म्हणून हा पीळ कमी होत नाही. चाकाला जेवढा टॉर्क (फिरवणारा जोर) मिळतो तेवढा सगळा एक्सलला झेलावा लागतो. थांबलेल्या सायकलवर पूर्ण थ्रॉटल दिला तर या मापाची मोटर ३५ ते ४० न्यूटन-मीटर देऊ शकते. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला ४ किलो टांगावेत एवढाच हा जोर, ऐकायला किरकोळ वाटतो.

पण इथे पान्याची लांबी मीटर नाही. १२ मिमीच्या एक्सलवर १० मिमी अंतराची सपाट अंगं तासली की प्रत्येक अंगाची रुंदी जेमतेम ६.६ मिमी उरते. पीळ खाचेच्या दातांवर येतो तो या अंगाच्या दोन कडांमधून. ४० न्यूटन-मीटर दोन पायांत सारखे वाटले तरी एका पायावर २० येतात. २० भागिले ०.००६६, म्हणजे सुमारे ३,००० न्यूटन. एक कड पुढच्या दाताला ३०० किलोंनी रेटते, दुसरी मागच्या दाताला तेवढ्याच जोराने उलट. आतून कोणी फाकवत असलेल्या उघड्या पान्यासारखी खाचेची गत होते. साध्या चाकात हा पीळ मुळात नसतोच. तिथे एक्सल गोल असतो, चाक छर्‍यांवर मोकळं फिरतं, आणि खाचेला फक्त वजन पेलायचं असतं. चिमटा बनवणाऱ्याने त्याच हिशेबाने धातू ठेवलेला असतो.

"२५० वॅटची तर मोटर, तिला टॉर्क आर्म कशाला" हे वाक्य दुकानादुकानांत ऐकू येतं. वॅटमध्ये वेगही धरलेला असतो. निघताना वेग शून्य असतो आणि टॉर्क सर्वांत जास्त. मोटर कायद्याच्या २५० वॅट आणि ताशी २५ किमीच्या मर्यादेत बसते म्हणून चिमट्यावरचा पीळ कमी होत नाही.

मग चार महिने हे टिकलं कसं? नटांच्या दाबावर. एम१२ चा नट ४० न्यूटन-मीटरला आवळला की सुमारे १६ ते १७ किलोन्यूटन, म्हणजे दीड टनाहून जास्त दाब पडतो. स्वच्छ, सपाट पोलादावर एवढ्या दाबाचं घर्षण एकट्याने मोटरचा पीळ धरून ठेवू शकतं, त्यामुळे खाचेवर काही येतच नाही आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. या सायकलवर पृष्ठभाग स्वच्छही नव्हता आणि सपाटही नव्हता.

शॉकअपच्या चिमट्याच्या टोकांना खाचेभोवती उभी कड असते. झटपट उघडणाऱ्या चाकाची कळ सैल झाली तरी चाक पडू नये म्हणून ती ठेवलेली असते. मोटरच्या नटाचा वायसर या कडेच्या आत मावत नाही, तो कडेवर टेकतो. त्यात आणखी एक बारकावा: खाचेचं वरचं टोक अर्धगोल असतं. १० मिमीच्या खाचेत हा तासलेला एक्सल त्या अर्धगोलाच्या तोंडाशीच अडकतो आणि मूळ जागेपेक्षा सुमारे ३ मिमी खाली राहतो. वायसरही तेवढाच खाली सरकतो. शेवटी दीड टनाचा दाब चंद्रकोरीएवढ्या पट्टीवर आणि वर रंगाच्या थरावर येतो. रंग चेपतो, कड चेपते, पाव मिमी जागा झाली की दाब निघून जातो. मग पीळ थेट खाचेवर. प्रत्येक सिग्नलला एक्सल इकडून तिकडे डुलतो, खाच रुंदावते, नट सैल वाटतो, तो आवळला की दोन आठवडे निभावतं. चार महिन्यांचा सगळा क्रम एवढाच.

काय करायचं ठरलं

पहिली सूचना चालवणाऱ्यांची होती: त्याच चिमट्याला वेल्डिंग करून टॉर्क आर्म लावावा. ओतीव टोकांच्या तड्याला वेल्डिंग हा उपाय नव्हे. आणि तडा नसता तरी असल्या चिमट्यात पुढची मोटर ठेवू नये असंच आमचं मत आहे. पोलाद आधी वाकतं, वाकलेलं दिसतं. ओतीव टोक तुटेपर्यंत फारसं काही सांगत नाही, आणि पुढचं चाक सुटलं तर सावरायला वेळ मिळत नाही. कार्बनच्या चिमट्याचा तर प्रश्नच येत नाही.

मोटर मागे नेणं हा चांगला पर्याय होता. मागचे खाचेचे पत्रे जाड असतात आणि वजनही मागे जास्त पडतं. पण त्यासाठी १३५ मिमी रुंदीची दुसरी मोटर घ्यावी लागली असती. हातातली मोटर वाचवण्यासारखी होती, म्हणून चिमटा बदलायचं ठरलं.

नवा चिमटा सरळ, पोलादी, व्ही-ब्रेकच्या खुंट्यांचा. निवडताना चार मापं पाहिली. खाचेचा पत्रा ५ मिमी किंवा जास्त जाड, आणि तो नळीला नीट जोडलेला. नळीचं टोकच चपटं ठोकून केलेली खाच नको. दोन पायांमधलं अंतर १०० मिमी, कारण मोटरच्या खांद्यांमधलं अंतरही तेवढंच आहे. जुन्या काळ्या सायकलींचे चिमटे यापेक्षा अरुंद असतात. ते हाताने फाकवून मोटर घुसवली की टोकं समांतर राहत नाहीत आणि नट तिरका बसतो. हँडलची दांडी जुन्याच मापाची, म्हणजे २८.६ मिमी. राहिली उंची. जुना चिमटा एक्सलपासून वरच्या वाटीपर्यंत ४६५ मिमी होता आणि माणूस बसल्यावर साधारण २० मिमी दबायचा. म्हणून नवा ४४० मिमीचा घेतला. फार आखूड चिमटा लावला तर सायकलचं नाक खाली जातं; दर २० मिमीला हँडलचा कोन सुमारे एक अंशाने उभा होतो आणि सायकल चंचल वाटते.

खाच घडवणं

हे काम घाईचं नाही. दर बाजूने अर्धा मिमी घ्यायचा, म्हणजे खाच मधोमध राहते. सपाट कानस, दर पाच-सहा घासांनंतर व्हर्नियर. एक्सल हाताने दाबून आत गेला पाहिजे, पण डुलता कामा नये; १०.१ मिमीच्या वर गेलं तर जास्त झालं. मग वरच्या अर्धगोलाचे दोन्ही खांदे अर्धगोल कानशीने मोकळे केले, जेणेकरून एक्सल मूळ जागेपर्यंत वर जाईल. त्यासाठी अगदी वरच्या टोकाला दीड मिमीच धातू काढावा लागतो. एवढं करण्याइतकं पोलाद वर शिल्लक आहे का, हे चिमटा विकत घेतानाच बघायचं असतं.

दोन्ही पायांची खोली सारखी हवी. १०० मिमीच्या अंतरात अर्ध्या मिमीचा फरक राहिला तर रिमपाशी तो जवळजवळ दीड मिमी होतो आणि चाक एका ब्रेक पॅडकडे कलतं. जुन्या चिमट्यातलं 'आउट' चाक आठवा.

नट जिथे दाबणार तिथला रंग दोन्ही बाजूंनी खरवडून उघडं पोलाद केलं आणि गंजू नये म्हणून ग्रीसचा पुसट हात दिला.

टॉर्क आर्म

बाजारात मिळणारे दोन तुकड्यांचे, ३ मिमी पत्र्याचे आर्म वापरले नाहीत. त्यांच्या मधल्या बोल्टला आणि भोकाला खेळ असतो, आणि आर्मला खेळ असला की आधी खाच भार घेते, आर्म नंतर. तोवर व्हायचं ते होऊन जातं. शिरोली-उचगाव पट्ट्यात लेझर कटिंगवाले हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांच्याकडून ६ मिमी पोलादी पट्टीचे दोन आर्म कापून घेतले. लांबी भोकापासून टोकापर्यंत १०० मिमी, रुंदी भोकापाशी ३० आणि टोकाशी १५ मिमी. भोक १२ मिमीचं, सपाट अंगांसह. सपाट अंगांमधलं माप ९.९ मिमी ठेवून मागवलं आणि एक्सलवर बसवत बसवत घासून जुळवलं. घासून काढता येतं, भर घालता येत नाही.

भोक बंद आहे, खाचेसारखं उघडं नाही, म्हणून ते फाकत नाही. आणि १०० मिमीच्या टोकाशी ४० न्यूटन-मीटरचा जोर म्हणजे ४०० न्यूटन, साधारण ४० किलो. दोन आर्म असतील तर प्रत्येकी २० किलो. खाचेच्या दातावरचे ३०० किलो आठवले की आर्म कशासाठी हे वेगळं सांगायला नको.

टोक चिमट्याच्या पायाला स्टेनलेस होज क्लिपने बांधलं, मध्ये रबराची पट्टी न घालता. रबर दबतं आणि पुन्हा खेळ येतो. मोटर पुढे ओढते तेव्हा आर्मचं वरचं टोक मागे जायला बघतं. म्हणून आर्म थोडा वाकवून पायाच्या पुढच्या अंगाला टेकवला. मग तो पायावर रेटला जातो, क्लिपवर ताण फार येत नाही. गिअरवाल्या मोटरला ब्रेक लावून बॅटरी भरण्याची सोय नसते, त्यामुळे पीळ एकाच दिशेचा. बिनगिअरच्या मोटरला ती सोय चालू असेल तर पीळ दोन्ही दिशांनी येतो आणि नट त्यानेच पटापट सैल होतात. तिथे आर्मचं टोक बोल्टने पक्कं करावं लागतं.

आर्म दोन लावण्याचं आणखी एक कारण आहे. नव्या चिमट्याला ती उभी कड नाही. पण बंद भोकाचा आर्म एक्सलभोवती असतो आणि त्याचं टोक पायाला बांधलेलं असतं. उद्या दोन्ही नट सैल झाले तरी चाक खाचेतून खाली पडू शकत नाही.

जोडणी

आतून बाहेर क्रम असा: मोटरचा खांदा, चिमट्याचा पत्रा, दाताचा वायसर, टॉर्क आर्म, साधा वायसर, नट. वायसरचा दात एक्सलच्या खाली, खाचेत उतरला पाहिजे. तो बाहेर राहून चेपला तर वायसर तिरका बसतो आणि नटाचा दाब एका बाजूला जातो. चिमट्याला कड असती तर कडेच्या आत मावणारा, कडेच्या उंचीपेक्षा किंचित जाड वायसर आधी घालावा लागला असता.

सायकल सरळ उभी करून, हँडलवर वजन देऊन, एक्सल दोन्हीकडे खाचेच्या टोकाला टेकल्याची खात्री केली आणि मगच नट आवळले. उलट्या सायकलवर हे काम केलं तर चाक अर्धा मिमी वरखाली राहून जातं. नट ३५ ते ४० न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर पान्यावर नटाच्या मध्यापासून २० सेंटीमीटरवर सामान तोलायचा स्प्रिंगकाटा अडकवायचा आणि काटकोनात ओढायचा. २० किलो दाखवले की सुमारे ३९ न्यूटन-मीटर झाले. त्याहून जास्त 'मनगटाच्या अंदाजाने' नको. वायर जाण्यासाठी एक्सल आतून पोकळ असतो, त्याचे आटे जातात. नट घालण्यापूर्वी वायरचा प्लग नट आणि आर्ममधून पार होतो का तेही पाहायचं. न होणारा प्लग शेवटी लक्षात आला तर सगळं परत उघडावं लागतं.

वायर आणि कंट्रोलर

तुटलेल्या वायरीत फेजची, म्हणजे मोटरला वीज देणारी जाड तार सेन्सरच्या बारीक तारेला टेकली होती. ३६ व्होल्ट ५ व्होल्टच्या वाटेने गेले की हॉल सेन्सर (मोटर कुठवर फिरली हे कंट्रोलरला सांगणारे) आणि कंट्रोलर दोन्ही जातात. इथे सेन्सर वाचले होते: नव्या वायरीवर ५ व्होल्ट देऊन चाक हळूहळू उलटं फिरवलं तेव्हा तिन्ही सिग्नल तारांवर शून्य आणि ५ व्होल्ट आळीपाळीने आले. गिअरवाली मोटर सुलट फिरवून हे कळत नाही, आतलं फ्रीव्हील सुटं फिरतं. कंट्रोलर गेला होता. मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर एक फेज बॅटरीच्या दोन्ही टोकांशी शॉर्ट दाखवत होता. नवा कंट्रोलर प्रवाह ठरवता येणारा घेतला आणि १५ ऐवजी १० अँपिअरवर ठेवला. निघतानाचा पीळ त्याने साधारण दोन तृतीयांशावर येतो. सपाट रस्त्यावर फरक फारसा जाणवत नाही.

एक्सलमधून बाहेर आलेली वायर आधी खाली वळवून मग चिमट्यावरून वर नेली. पंचगंगेकाठचा पावसाळा लक्षात घेता हे वळण हवंच. नाहीतर पाणी वायरीवरून ओघळत थेट मोटरच्या पोटात उतरतं. वायर आर्मच्या कडेवर घासणार नाही एवढी सैल ठेवली.

चाचणी

नट, आर्म आणि चिमटा यांवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढली. तिघांपैकी काहीही हललं तर ती तुटते. मग पुढचं चाक भिंतीला टेकवून, पाय जमिनीवर घट्ट रोवून, एक सेकंद पूर्ण थ्रॉटल. असं पाच वेळा. ब्रेक दाबून ही चाचणी होत नाही, कारण ब्रेकच्या कळीतला स्विच मोटर बंद करतो. सेकंदाहून जास्त वेळही नको. अडकलेली मोटर तापते आणि आतल्या नायलॉनच्या गिअरचे दात जातात.

रेघ शाबूत राहिली. १० किमीनंतर उजवा नट पाव फेऱ्याहून कमी आवळला गेला. नव्या वायसरांचं बसणं एवढं होतंच. नवी रेघ ओढली. ५० किमीला नट जागेवर होते, स्पोक मात्र सात-आठ ठिकाणी सैल झाले होते, ते ताणून आउट काढलं. २०० किमीला काहीच हललेलं नव्हतं.

चालवण्यात एकच बदल सांगितला: सिग्नलवरून निघताना आधी दोन पॅडल मारायची, मग थ्रॉटल. ओल्या डांबरावर आणि कचेवर पुढचं चाक जागच्या जागी फिरतं, तेव्हा तर हे हवंच. पावसाळा संपल्यावर डाव्या आर्मच्या क्लिपचा स्क्रू गंजलेला निघाला. क्लिप स्टेनलेसची होती, स्क्रू नव्हता. दोन्ही क्लिपा बदलल्या.